सहा नमुने, लढाई शून्य

तळोद्यात कोणालाही विचारा, नवनीत कापडवाल्याकडे गेलेली बाई रिकाम्या हाताने परत येते का? नाही येत. चाळीस साड्या उलगडून ती गोंधळली, की मी एक उचलतो, तिच्या खांद्यावर टाकतो आणि म्हणतो, “ताई, डोळे मिटून हीच घ्या.” ती घेते. लग्नाचा बस्ता असेल तर नवरीच्या आत्यापासून नवऱ्याच्या मामापर्यंत सगळ्यांची पसंती मी तासाभरात उरकतो. असा मी हुशार माणूस. आणि ह्याच हुशार माणसाला खेळण्यातला रोबो दीड इंचाचा घ्यावा की चार इंचाचा, हे ठरवायला तीन वर्षं लागली. तीन! एवढ्यात लोकांचं लग्न होऊन पोर अंगणवाडीत जातं.

खेळ काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे माझी अक्कल किती ते कळेल. नकाशा मांडायचा, त्यावर डोंगर-झाडं ठेवायची, दोघांनी चार-चार लढाऊ रोबो घ्यायचे. हे रोबो खरे असते तर चार मजली इमारतीएवढे असते. पट्टीने मोजून पुढे सरकायचं, फासे टाकायचे आणि एकमेकांवर तोफा डागायच्या. माझं वय बेचाळीस आहे, हेही लक्षात असू द्या.

हे खूळ आणलं सुकरामने. सुकराम पावरा, माझा सहावीपासूनचा दोस्त. तेव्हा तो वसतिगृहात राहायचा आणि मधल्या सुट्टीत माझा डबा खायचा. आता वर डोंगरात आश्रमशाळेवर विज्ञान शिकवतो. त्याची बायको निशा पालघरकडे नर्स आहे. नोकऱ्या दोन टोकांना, म्हणून नवरा-बायको कित्येक वर्षं वेगळे राहत होते. सुकराम दर रविवारी जीपने खाली उतरायचा, बाजार करायचा आणि दुपारी आमच्या दुकानाच्या गादीवर तंगड्या पसरून बसायचा. अशाच एका रविवारी त्याने मोबाइलवर ह्या खेळाचा व्हिडिओ दाखवला आणि मी जागच्या जागी वेडा झालो. अख्ख्या तालुक्यात हा खेळ खेळायला तयार असलेली माणसं दोन, आणि दोन्ही एकाच गादीवर. अजून काय पाहिजे?

“रोबो मी बनाडसू,” सुकराम म्हणाला. आम्ही दोघं एकमेकांशी अहिराणीतच बोलतो. “तू फक्त स्केल सांग.”

स्केल म्हणजे माणूस केवढा धरायचा. माणूस सहा मिलिमीटरचा धरला, तर त्याच्या हिशेबात रोबो होतो दीड इंचाचा. माणूस पंधराचा धरला, की रोबो चार इंचाचा. अठ्ठावीसचा धरला, की रोबो जवळजवळ वीतभर. एक आकडा सांगायचा होता मला. मी लगेच सांगितला, “सहा!” गादी केवढी आहे ते मला ठाऊक होतं, सहाच्या स्केलमध्ये अख्खी लढाई तिच्यावर मावत होती. सुकराम “बरं” म्हणाला आणि जीप पकडून वर गेला.

तिथेच थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण मी पडलो मांगीलाल कापडवाल्यांचा मुलगा. आमच्या बाऊजींनी पन्नास वर्षं सुरतेचा माल भरला आणि एकच गोष्ट माझ्या डोक्यात ठोकली: नमुना हातात घेतल्याशिवाय ठाण भरायचं नाही. सुरतेचा दलाल येतो, तुकड्यांचं पुस्तक उघडतो, आपण प्रत्येक तुकडा बोटांत चोळून बघतो, मग बोलतो. धंद्यात हे बरोबरच आहे. मी म्हटलं, रोबोंचंही तसंच करू. ऑनलाइन शोधलं आणि प्रत्येक स्केलचा एकेक नमुना मागवला. तीनचा एक, सहाचा एक, दहाचा, पंधराचा, विसाचा, अठ्ठावीसचा.

सगळे नमुने जमून पार्सल यायला दोन महिने गेले. ते आलं तेव्हा बाऊजी गल्ल्यावर होते. त्यांनी वीतभर रोबो उलटा-पालटा करून पाहिला, अंगठ्याने चोळला आणि विचारलं, “ह्याला धुतल्यावर रंग जातो का?”

मी सहाही जण गादीवर ओळीत उभे केले. काय शोभत होते! आणि मग माझ्या लक्षात आलं, की ह्यातले कोणतेही दोन एकमेकांशी लढू शकत नाहीत. सगळ्यात लहान होता बोराएवढा, तो सगळ्यात मोठ्याच्या बुटालाही पुरला नसता. जगात एवढ्या लोकांनी हा खेळ विकत घेतला असेल, पण सहा रोबो घेऊन एकही फौज न झालेला मूर्ख मी एकटाच.

सुकराम त्या रविवारी आला तो खांद्याला पिशवी लावून. त्याने चप्पल काढायच्या आत मी ओरडलो, “सहा रद्द! दहा बघ, दहामा जान शे!” सुकरामने ओळ पाहिली. पिशवी पायाशी ठेवली.

“भाऊ, तुले लढाई करनी शे का दुकान मांडनं शे?” त्याने विचारलं.

मी हसलो. लाज कशाशी खातात ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

दहावर मी दोन महिने टिकलो. मग पंधरात हातापायांचे सांधे स्पष्ट दिसतात असं वाटलं. पंधराला गादी पुरेना, म्हणून मी दुकानातल्या कपाटांची मापं घेतली. अठ्ठावीससाठी तर मंगल कार्यालय भाड्याने लागलं असतं, आणि खोटं कशाला सांगू, मी चौकशीही केली होती. दर रविवारी सुकराम यायचा, मी नवे मुद्दे मांडायचो, तो चहा पीत ऐकायचा. वहीत मी फायदे-तोटे लिहून ठेवायचो. वह्या तीन भरल्या.

किंजल, म्हणजे माझी बायको, एकदा चहाचे कप उचलताना म्हणाली, “मला बघायला आलात तेव्हा चहा निवायच्या आत हो म्हणालात. ह्या बाहुल्यांत असं काय आहे, जे माझ्यात नव्हतं?” सुकराम एवढा हसला की त्याला ठसका लागला. मी मात्र गंभीरपणे तिला समजावलं, की लग्नाला स्केल नसते. त्या रात्री जेवायला मला गार भाकरी मिळाली, आणि ते योग्यच झालं.

मग ह्या जूनमध्ये सुकरामची बदली झाली. आंतरजिल्हा, पालघरला, बायकोजवळ. चार वर्षं तो अर्ज करत होता. मी त्याला पेढा भरवला, पाठ थोपटली आणि मनात म्हटलं, तो गेला की मी कोणाशी खेळणार? हातात एकच रविवार उरला होता. एक तरी डाव झालाच पाहिजे! मी आठवडाभर वह्या काढून बसलो आणि शनिवारी त्याला फोन करून सांगितलं, “पंधरा. शेवटचं. आईशपथ पंधरा.”

“बरं,” सुकराम म्हणाला.

रविवारी तो सामानाची बॅग घेऊनच आला. नंदुरबारची बस साडेचारला होती. गादीवर बसून त्याने बॅगेतून मिठाईचा एक जुना पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडलं. आत कापसात आठ रोबो. सागाच्या लाकडाचे, हाताने कोरलेले. खांद्यावरच्या तोफा पेनाच्या रिफिलच्या, छातीवर कॅल्क्युलेटरची बटणं. चार लाल, चार निळे. एकेक दीड इंचाचा.

“पण हा सहाना शे,” मी म्हणालो. “मी पंधरा सांगेल व्हतं ना!”

सुकरामने एक निळा उचलून उलटा केला आणि माझ्या तळहातावर ठेवला. बुडाला बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘नवनीत’. चारही निळ्यांच्या बुडाला माझं नाव. खाली तारीख. तीन वर्षांपूर्वीची.

म्हणजे त्या दिवशी त्या पिशवीत हेच होते. मी सहा म्हणालो, हा वर गेला, दोन महिने शाळा सुटल्यावर बसून त्याने स्वतःची फौज कोरली आणि माझीही कोरली, कारण माझ्या हातून काही होणार नाही हे त्याला ठाऊक होतं. खेळायला म्हणून घेऊन आला, आणि मी दारातच ओरडलो होतो, सहा रद्द. दीडशे रविवार आम्ही ह्याच गादीवर बसलो होतो, आणि फौज त्याच्या पेटीत तयार होती.

 मला राग आला, त्याचा आणि माझाही. “मंग तू सांगं का नही?”

सुकरामने खांदे उडवले. “तू भलता खुश व्हता. वह्या काय, मापं काय. माले वाटनं, तुन्हा खेळ तोच शे.”

 डोळे भरून आले ते मी लपवले नाहीत. बाऊजींनी गल्ल्यावरून पाहिलं आणि उठून आत गेले.

मग आम्ही खेळलो. पट्टीने मोजत बसायला वेळ नव्हता, म्हणून मी गादीवर खडूने चौकोनी घरं आखली, ठाणांचे डोंगर केले. साडेचारला पंधरा मिनिटं असताना तिसरी फेरी चालू होती आणि मी सपाटून मार खात होतो. सुकरामने मोबाइलवर गादीचा फोटो काढला, लाल रोबो कापसात गुंडाळले, निळे माझ्याकडे ठेवले आणि निघाला. स्टँडवर मी त्याला मिठी मारली. आमच्यात ही पद्धत नाही, त्यामुळे कोपर त्याच्या नाकाला लागलं.

पुढच्या रविवारी फोन वाजला. मागून निशावहिनींचा आवाज येत होता, की भाजी गार होतेय. सुकरामने तिथे चादरीवर फोटो बघून तीच घरं आखली होती, माझ्या फौजेच्या जागी बाटल्यांची झाकणं ठेवली होती. “तुन्ही पाळी शे,” तो म्हणाला.

“दुसरा नंबर,” मी म्हणालो, “सरळ पुढे, तोफ डाग!”

विचार असा केलाच नाही. पलीकडे फासे पडल्याचा आवाज आला आणि मग सुकराम हसायला लागला. हसता हसता त्याने सांगितलं, की मी त्याच्या दोन रोबोंच्या बरोबर मधे जाऊन उभा राहिलोय, आणि माझा दुसरा नंबर मेला. मी गादीवरून तो निळा उचलला, बाजूला ठेवला आणि म्हणालो, “चाल, आते तुन्ही पाळी.”