तेजूचा चंद्र, लेहचा चंद्र

आमची चतुर्थीची मंडळी म्हणजे खंडव्याकडच्या आमच्या लालबागच्या एका गल्लीतल्या चौघी. संकष्टीला चंद्राची वाट बघत गच्चीवर बसायचं, आणि पोटात काही नसलं की तोंड जास्त चालतं. मग किस्से साठणारच. यंदाचे बहुतेक माझ्या लेकीच्या संसाराचे.

अश्विनी तिकडे अरुणाचलात, तेजू नावाच्या गावी नर्स आहे. जावई प्रवीण लेहला, विमानतळावर इलेक्ट्रिशियन. लग्नानंतर पंधरा दिवस सोबत राहिले, पुढे सात महिने भेट नाही. दोघं एका जागी जेवायला बसत नाहीत तोवर संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत पाणीसुद्धा घेणार नाही, असा नवस मी बोलले.

* * *

एकदा कोकिळावहिनींनी फोनवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. लगेच उत्तर आलं, साधारण एकोणीसशे किलोमीटर, विमानाने अडीच तास.

"अडीच तास? एवढा टाइम तर आपल्याला बसने खंडव्याला लागतो. जावईबापू करतात काय तिथे?"

मलाही जरा राग आला. मी फोन लावला, तर प्रवीण हसायला लागले. म्हणाले, मम्मी, फोन सरळ रेघ मारून हिशेब सांगतो, त्या रेघेवरून विमान जात नाही. आधी दिल्ली, मग आसाम, तिथून पुढे मिळेल ते. हवा चांगली असली तर दोन दिवस.

त्या दिवशी आरती झाल्यावर वहिनी बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. काय मागितलं, विचारलं. "ती रेघ," म्हणाल्या.

* * *

शकुंतलाकाकू दापोऱ्याच्या, माहेरी केळीच्या बागा. गल्लीवरून विमान गेलं की त्या नमस्कार करतात. हे आपल्या जावयाचं नाही हो, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यात कोणाचा तरी जावई असेलच ना."

* * *

मार्गशीर्षात प्रवीण छुट्टी काढून निघाले. दिल्लीला पोचले आणि पुढचं विमान धुक्यामुळे रद्द. दोन दिवस तिथेच बाकावर काढले, मग परत लेह. मला फोन केला. "मम्मी, वाट अर्धीसुद्धा झाली नव्हती. छुट्टी पूर्ण संपली."

मी जे बोलायचं ते देवापुढे बोलले.

* * *

तेजूला चंद्र आपल्यापेक्षा तास-सव्वा तास आधी उगवतो. हे कळल्यावर काकू म्हणाल्या, "म्हणजे पोरीचा उपास स्वस्तात."

मी अश्विनीला विचारलं. तिने विषयच बदलला. मग प्रवीणनाच फोन लावला, तर म्हणाले, ती जेवते कुठे? ताट झाकून बसते. लेहला डोंगराआडून चंद्र वर आला की दोघं व्हिडिओ कॉल लावून जेवतात.

काकू पंचांगाच्या पक्क्या. "असं चालत नाही. ज्या गावात उभं राहाल, त्या गावचाच चंद्र बघायचा," म्हणाल्या.

* * *

परवाच्या संकष्टीला प्रवीण पुन्हा वाटेत होते. सकाळपासून फोन बंद. आम्ही चौघी गच्चीवर, पूर्वेला अजून काळोखच. अश्विनीचा फोन नेहमी आपला चंद्र उगवल्यावर येतो. त्या दिवशी आधीच वाजला. वहिनींनी उचलून स्पीकर लावला.

"मम्मी, आम्ही जेवलो."

मागून ताटावर वाटी ठेवल्याचा आवाज आला.

काकू उठल्या, खाली गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"घे."

"काकू, आपला चंद्र कुठे उगवलाय अजून?"

"तेजूचा उगवला ना? पी."