राजवाड्यातल्या खुंट्या

आमच्या नंदाखाल गावातल्या आळीत थंडीचा कोट एकच आहे. काळा, लोकरीचा, गुडघ्यापर्यंत येणारा. शेजारच्या अंकलनी जहाजावर नोकरीला असताना कुठल्याशा बंदरात तो घेतला होता. आता अंकल केळीची बाग बघतात आणि कोट आळीतलं जे कुणी थंड देशात जाईल त्याच्याबरोबर जातो. परत आला की आंटी त्याला सावलीत वारा देतात, खिशात डांबराच्या गोळ्या टाकतात आणि पेटीत ठेवतात.

मागच्या हिवाळ्यात तो माझ्याकडे आला. कॉलेजने आम्हा तिघांना एका मॅडमबरोबर अभ्यासदौऱ्यासाठी कोपनहेगनला पाठवलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे आईला माझं काय काय चुकेल याची काळजी होती. मलाही होती.

कोट हातात देताना आंटी म्हणाल्या, "पोरा, घालून जा आनि घालूनच परत ये. हिला पन लागनार आहे."

ही म्हणजे पलीकडच्या घरातली ताई. म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायच्या कामावर ती जर्मनीला निघाली होती, मी परतल्यानंतर लगेचच. पहिला पगार होईपर्यंत तिला हाच कोट.

"राजवाडे बघ," ताई म्हणाली, "पण कोट तिथे विसरलास तर मी गोधडी पांघरून विमानातून उतरेन. लोक फोटो काढतील माझे."

सगळे हसले. मीही हसलो. पण ती गोधडी माझ्या डोक्यातून गेली नाही.

राजवाडे बघायचे ठरले ते शेवटच्या दिवशी. सकाळी एका मोठ्या चौकात उभे होतो. चारी बाजूंना चार वाडे, मधे घोड्यावर बसलेला राजा, आणि दारांशी उंच केसाळ टोप्या घातलेले शिपाई. समुद्राकडून येणारा वारा कानांना झोंबत होता. कोटात मात्र मला काही होत नव्हतं. तेवढा वेळ मी खरंच बघत होतो.

दुसऱ्या राजवाड्यात आत शिरलो तर उबदार होतं. दारातल्या बाईंनी कोट काढायला सांगितलं आणि भिंतीकडे बोट केलं. तिथे लाकडी पट्टीवर खुंट्यांची रांग होती. सगळे कोट काळेच. पावती नाही, बिल्ला नाही, राखण करायला माणूस नाही.

"इथे लक्ष कोण ठेवतं?" मी माझ्या इंग्रजीत विचारलं.

त्यांना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाल्या, "कोणी नाही. सगळे इथेच ठेवतात."

मी कोट शेवटच्या खुंटीवर लावला. बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून आम्ही आत गेलो. पहिल्या दालनात झुंबर होतं. दुसऱ्यात काय होतं ते मला आठवत नाही, कारण मी दाराशी जाऊन कोट बघून आलो. तिसऱ्यातूनही गेलो.

"राजाचा महाल बघायला आलायस की स्वतःचा कोट?" माझ्या वर्गातला मित्र म्हणाला. "इथली माणसं कोट चोरत नाहीत रे."

"चोरीची भीती नाही. कुणी चुकून नेला तर?"

"सिंहासन पाहिलंस ना?" मॅडमनी विचारलं.

मी हो म्हणालो. पाहिलं नव्हतं.

निघताना बसची घाई झाली. मी शेवटच्या खुंटीवरचा कोट अंगात घातला आणि धावलो. पुलावर आल्यावर खिशात हात घातला तर आत चामड्याचा मऊ हातमोजा. माझ्याकडे लोकरीचे होते. कॉलर नाकाशी नेली. डांबरगोळ्यांचा वास नव्हता.

मॅडमना काय सांगितलं ते नीट आठवत नाही. मी उलटा पळालो. एका बुटावर निळी पिशवी तशीच होती, तिच्यामुळे बर्फावर दोनदा घसरलो. विमान रात्रीचं होतं. त्या माणसाने माझा कोट घातला असेल आणि तोही निघून गेला असेल, तर त्याला या शहरात कुठे शोधायचं? आंटींना काय सांगायचं? आणि ताईला?

खुंट्यांपाशी एक म्हातारे गृहस्थ आमचा कोट हातभर लांब धरून उभे होते आणि हळूच वास घेत होते. मी त्यांचा कोट काढून पुढे केला आणि सॉरी म्हणत राहिलो. त्यांनी आपला हातमोजा तपासला, मग मला विचारलं, "तुमच्याकडे कपड्यांना कसर फार लागते का?"

"हो," मी म्हणालो. 

घरी आल्यावर संध्याकाळी मी कोट आंटींकडे नेला, आणि ताई तिथेच तो घालून बघायला आली. पंख्याखाली उभी राहूनही तिला घाम फुटला. बाह्या थोड्या लांब होत होत्या.

"राजवाडा कसा होता?" तिने विचारलं.

सांगावं की नको असं झालं. पण ती एकटी जाणार होती. "आत गरम असतं," मी म्हणालो. "कोट काढायला लावतात. आणि तिकडे सगळ्यांचे कोट असेच असतात." मग घडलं ते सगळं सांगितलं.

 आंटींनी आत जाऊन सासूच्या जुन्या लाल लुगड्याची पट्टी आणि सुईदोरा आणला, आणि ताईच्या अंगावर असतानाच कोटाच्या कॉलरला आतून ती पट्टी शिवायला लागल्या.

"मान हलवू नको, टोचल," त्या म्हणाल्या.

ताई मान न हलवता माझ्याकडे बघत होती. "म्हणजे एवढ्या लांब जाऊन तू बघितलंस तरी काय?"

"खुंट्या," मी म्हणालो.