काचेवरचं नाव

नेदरलँड्समधल्या कापेलच्या पोहण्याच्या तलावावर दर शनिवारी माझ्या शेजारी एक चिनी गृहस्थ बसायचे. त्यांची मुलगी पोहत जवळ आली की ते आम्हा पालकांच्या आणि तलावाच्या मधल्या काचेवर तोंडाची वाफ सोडायचे आणि बोटाने तिचं नाव लिहायचे, तेही उलटं, म्हणजे पलीकडून तिला सुलटं दिसावं. ती खुदकन हसायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा विचारलंच.

"मिंग. म्हणजे उजेड," ते म्हणाले. "हल्ली हे अक्षर सूर्य आणि चंद्र जोडून लिहितात. फार पूर्वी सूर्याच्या जागी खिडकीही काढायचे. खिडकीतून आत आलेलं चांदणं! तुमच्या मुलीच्या नावाचा अर्थ काय?"

"रिया," मी म्हणाले. "डच लोकांना म्हणायला सोपं."

इथल्या कितीतरी आज्यांचं नाव रिया असतं, हे आम्हाला बारशानंतर कळलं होतं.

"सोपं आहे खरं," ते अगदी मनापासून म्हणाले. तेच जास्त झोंबलं.

पुढच्या शनिवारी मीही काचेवर वाफ सोडली आणि देवनागरीत उलटं, चांगलं ठसठशीत "रिया" लिहिलं. बाहेर आल्यावर केस पुसता पुसता लेकीने डचमध्ये विचारलं, "आई, तू पण चिनी शिकतेयस?"