कातळावर सोडलेली केलडी

दर्शन मुंबई सोडून मालगुंडला परत आला तेव्हा वाडीत त्याचं कौतुकच झालं. आपल्याकडची पोरं जातात ती जातात. सणासुदीला येतात आणि परतीच्या गाडीचं तिकीट काढूनच येतात. दर्शनने मात्र ऐन उमेदीत कुरियरच्या गाडीची किल्ली मालकाच्या टेबलावर ठेवली आणि बायकोला, मृणालीला घेऊन कायमचा घरी आला. कारण एकच. त्याच्या बापसाचं डावं अंग गेलं होतं. आई तर तो शाळेत असतानाच गेलेली. शेजारीपाजारी किती दिवस करणार?

घराजवळ नोकरी मिळाली हे तर नशीबच म्हणायचं. समर्थ नावाचे एक बागायतदार होते. हापूसच्या दोन मोठ्या बागा, शिवाय कलमांची नर्सरी. माणूस तरुण, बोलायला गोड, गड्यालासुद्धा अहोजाहो करणारा. त्यांनी दर्शनला पडवीत बसवून चहा पाजला आणि सांगितलं, "आमची कलमं गावोगाव पोचवायची. गाडी आमची, डिझेल आमचं. सकाळी लवकर निघायचं, दुपारी घरी. वडिलांकडे बघायला मोकळे."

बापसाला हे कळलं तेव्हा त्याच्या वाकड्या ओठांवर हसू आलं. येईल त्याला तो सांगू लागला, "आमचा दर्शन झाडं पोचवतो. पुण्याईचं काम हाय."

पहिल्या दिवशी खरोखरच कलमं होती. काळ्या पिशव्यांतली, टेम्पोच्या हौद्यात दाटीने उभी. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दर्शन गेला तर टेम्पो आधीच भरलेला आणि ताडपत्रीने घट्ट बांधलेला. शेजारी रामा नावाचा गडी बिडी ओढत उभा. दर्शनने आरसा नीट केला, गाडी सुरू केली, आणि ताडपत्रीखालून अशी काही किंकाळी उठली की त्याचा पाय क्लचवरून सुटला.

"काय आहे आत?"

"केलडी," रामा म्हणाला. "तुला सांगितलं नाय?"

केलडी म्हणजे ती तांबड्या तोंडाची माकडं. मोहर फुटायला लागला की बागेत उतरतात आणि खातात थोडं, नासतात फार. समर्थांनी त्यासाठी लोखंडी पिंजरे करून घेतले होते. आत केळी ठेवायची, माकड शिरलं की दार खाली. आणि भरलेले पिंजरे लांब नेऊन सोडायला त्यांना एक ड्रायव्हर हवा होता. आधीचे दोघे टिकले नव्हते. म्हणून ह्या खेपेला कलमांचं नाव.

दर्शनने त्याच दिवशी विचारलं. समर्थ हसले. "अहो, कलमांचंच काम आहे. कलमं वाचवण्याचं! घाटाच्या रानात सोडायची, त्यांच्या घरीच पोचवतोय आपण त्यांना. परवानगीचं मी बघतो."

त्यात घाटाच्या रानाचीही गोष्ट खरी नव्हती. लांजा सोडून गाडी आत वळली, आणि अजून डोंगर निळे, लांबचे लांब दिसत असताना रामाने हात केला. "बास. हितंच."

"रान तर पुढे आहे."

"पुढे चढण हाय. गाडी डिझेल पिते. मालक बोंबलतात."

ते एक उघडं कातळ होतं. पिवळं पडलेलं गवत, मधूनमधून करवंदीची जाळी, माणूस नावाला नाही. रामाने ताडपत्री ओढली आणि एकेक दार वर केलं. काही केलडी उडी मारून पळाली. एक म्हातारा नर मात्र पिंजऱ्यातच बसून राहिला, बाहेर कुठे जावं हे न कळल्यासारखा. रामाने काठीने ढोसलं तेव्हा तो उतरला.

दर्शन स्टिअरिंग धरून बसला होता, पण त्याचं लक्ष माकडांकडे नव्हतं. तो कातळाच्या पलीकडच्या कडेकडे बघत होता. त्या कडेखाली उतार, उताराखाली ओढ्यासारखा वहाळ, आणि वहाळापलीकडे त्याच्या बहिणीची, दमयंतीची वाडी. लहानपणी तिच्याकडे सुट्टीला आला की तो ह्याच कातळावर गुरांमागे हिंडला होता. हे त्याला पहिल्या क्षणीच ठाऊक होतं. पुढे त्याला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. चुकून झालं असतं तर माणूस स्वतःला समजावू शकतो. त्याने मनाशी म्हटलं, कातळ केवढं मोठं आहे, जातील कुठेतरी. आणि गाडी वळवली.

घरी मृणालीला त्याने सगळं सांगितलं. "सोडून देतो," म्हणाला.

तिने भाताचं पातेलं उतरवलं आणि पदराला हात पुसले. "सोडा. पण मग पुन्हा मुंबई. मामंजींना तिकडच्या खोलीत नेणार, की मला इथे ठेवून एकटे जाणार?" जरा थांबून ती म्हणाली, "तुम्ही नाही नेलीत तर दुसरा कोणीतरी नेईलच ना?"

तेवढं वाक्य दर्शनला पुरलं. बुडत्याला काडी मिळावी तसं त्याने ते धरून ठेवलं. दुसरा कोणीतरी नेईलच. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा तो कातळावर जात राहिला.

पौष सरत आला तेव्हा दमयंतीताईचा फोन आला. आई गेल्यावर ह्या ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, लग्न झाल्यावरही दर सुट्टीत बोलावून घेतलं. तिचा नवरा मुंबईला हॉटेलात कामाला. घरी ती आणि तिची सासू, यमुनाबाई.

"अरे दर्शन, यंदा ही केलडी खयसून... कुठनं आली रे? कधी नव्हती एवढी. परड्यात एक शेंग ठेवली नाय. कौलं फोडली. काल तर भाकरी काढून नेली टोपलीतनं, मी बसलेली असताना!"

"रानं तोडली ना लोकांनी," दर्शन म्हणाला. "मग काय करतील बिचारी."

"हां, तसंच असेल," ताई म्हणाली. तिने लगेच मान्य केलं. भाऊ बाहेर हिंडणारा, त्याला ठाऊक असणार.

रविवारी तो तिच्याकडे गेला, गेल्याशिवाय राहवेना म्हणून. घरामागच्या परड्यात पावट्याचे वेल ओरबाडून पडले होते. केळीचे घड अर्धवट खाऊन टाकलेले. ओसरीच्या छपराला जिथे कौलं गेली तिथे ताईने प्लास्टिक अंथरून दगड ठेवले होते. यमुनाबाई पाठीला पोक आलेली, डोक्यावर फडकं टाकून परड्याच्या कडेला उन्हात बसली होती, हातात काठी. "दिसभर हेच," ताई म्हणाली. "आत ये म्हटलं तर येत नाय. म्हणते, कष्टाचं हाय."

निघताना ताईने त्याच्या हातात एक पुडकं दिलं. वाचवून ठेवलेले पावटे. "बाबांना आवडतात. उसळ करायला सांग मृणालीला."

"राहू दे ताई, तुलाच नाहीत."

"गप रे. माहेरी रिकाम्या हाताने कशी पाठवू?"

ती उसळ घरी झाली. बापसाने आवडीने खाल्ली. दर्शनने भूक नाही सांगितलं आणि अंगणात जाऊन उगाच लाकडं फोडत बसला.

त्यानंतर त्याने दोन गोष्टी करून पाहिल्या. रामाला म्हणाला, पुढे नेऊ, डिझेल मी टाकतो. एकदा नेलंही. घाटाच्या तोंडाशी, दाट रानात. पण ते किती वेळा जमणार? पगारातून डिझेल घातलं तर घरी काय न्यायचं? मग समर्थांकडे गेला आणि धीर करून म्हणाला, "साहेब, त्या बाजूला वाड्या आहेत. माणसं आहेत."

समर्थांनी फोनवरून मान वर केली. "माणसं तर इकडेही आहेत, दर्शन. माझ्या बागेवर तीस घरं जेवतात. त्यांच्या चार शेंगा आणि माझा मोहर, एकच का?"

ह्यावरचं उत्तर दर्शनला बाहेर आल्यावर सुचलं, पण मग तो आत परत गेला नाही. त्याचंही त्याला वाईट वाटत राहिलं.

आणि मग तो दिवस आला. दर्शन पिंजरे रिकामे करून परत फिरला होता, रामा लांज्याला उतरला होता, आणि ताईचा फोन वाजला. ती रडत होती. केलडीमागे धावताना यमुनाबाई बांधावरून पडली होती, मनगट उलटं झालं होतं, आणि वाडीतली एकुलती रिक्षा लग्नाला गेलेली.

दर्शन तसाच मागे वळला. एरवी मालगुंडहून दोन-अडीच तासांची वाट, पण ह्या खेपेला तो खूप लवकर पोचला, कारण तो लांज्यातच होता, कातळावरून नुकताच फिरलेला. ताईच्या ते ध्यानातही आलं नाही. "देवासारखा आलास," म्हणाली.

यमुनाबाईला पुढे केबिनमध्ये बसवली. जागा दोघींची नव्हती, म्हणून ताई मागून शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर निघाली. म्हातारी हात ओच्यात धरून बसली होती. खड्डा आला की दात आवळायची, पण हूं की चूं नाही. दर्शन गाडी जपून हाकत होता. वाटेत एकदा मागच्या हौद्यात रिकामे पिंजरे एकमेकांवर आपटले.

"वास कसला रे हा?" यमुनाबाई म्हणाली.

"खताचा असेल, मावशी. नर्सरीची गाडी ना."

म्हातारीने मान हलवली. मग सावकाश म्हणाली, "दोन महिने मी त्यांच्यासमोर बसतंय, बाबा. केलडीचा वास हाय हा."

दर्शनने गाडी चालवत ठेवली. त्याचे डोळे भरून आले आणि रस्ता दिसेना म्हणून त्याने गाडी कडेला घेतली.

"चल," यमुनाबाई म्हणाली. "हात दुखतोय माझा."

दवाखान्यात हाताला प्लास्टर घातलं. ताई पोचली, डॉक्टरांशी बोलली, औषधं आणली. यमुनाबाई सुनेजवळ त्या वासाबद्दल एक अक्षर बोलली नाही. परत सोडताना उलट म्हणाली, "पोराने फार सांभाळून आणलान मला." शिव्या घातल्या असत्या तर दर्शनला सोसल्या असत्या. हे सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नर्सरीत गेला तो किल्ली घेऊनच. टेम्पो भरलेला होता. त्याने समर्थांच्या हातात किल्ली दिली. "मला नाही जमणार साहेब. तुम्ही मला कलमांचं सांगितलं होतं."

"बरं," समर्थ म्हणाले. रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. "रामाला शिकवलीय गाडी. तो नेईल आज."

दर्शन वाटेवर आला तेव्हा मागून तोच टेम्पो त्याला ओलांडून गेला. ताडपत्रीखाली तोच कल्ला. त्याला वाटलं होतं, नोकरी सोडली की हलकं वाटेल. हलकं कसलं? मृणाली म्हणाली होती तसंच झालं होतं. फक्त ह्या खेपेला ते वाक्य त्याच्या उपयोगाचं नव्हतं. नोकरी सोडून तो सुटला होता. ताई नव्हती सुटली.

तो घरी गेलाच नाही. एसटी धरून लांज्याला, तिथून मिळेल त्या गाडीने वाडीवर. ताई चुलीपुढे होती. यमुनाबाई पडवीत पडून होती, तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि कूस वळवली.

"ताई, ती केलडी मी आणून सोडली."

ताई हसली आधी. तिला थट्टा वाटली. मग त्याचं तोंड बघून हातातलं लाकूड तसंच राहिलं. त्याने सगळं सांगितलं. फोनवर खोटं बोललो तेही, पावटे घेऊन गेलो तेही. शेवटी तिने एवढंच विचारलं, "आत्याबाई पडल्या त्या दिवशी?"

"त्याच दिवशी सकाळी सोडून परत चाललो होतो."

"म्हणून लवकर आलास." ती उठली. "दर्श्या, तू नोकरी सोडलीस ते तुझ्यासाठी. आता हे सगळं वाडीत सांग. मला एकटीला सांगून काय उपयोग? वेल काय माझेच गेले?"

देवळापुढच्या पारावर संध्याकाळी माणसं जमली. दर्शनला आयुष्यात कधी इतकी लाज वाटली नव्हती. मेहुण्याच्या वाडीत पाव्हणा म्हणून ज्यांच्याकडे चहा प्यायला होता तीच माणसं समोर. एकजण अंगावर धावून आला, दोघांनी धरला. एक म्हातारा तिरसटपणे म्हणाला, "आणि आमच्या दमयंतीचा भाऊ म्हणवतोस?" त्यावर ताई खाली बघत राहिली. पण रस्ता कुठला, गाडी कधी येते, नंबर काय, हे दर्शनने सांगितलं. दोन दिवसांनी वाडीतली माणसं कातळावर वाट अडवून उभी राहिली. रामाची गाडी आली ती तशीच भरलेली मागे फिरली. वनखात्याचे लोक चौकशीला मालगुंडला येऊन गेले म्हणतात. पिंजरे लावणं बंद झालं, की ते आता दुसऱ्या वाटेने जातात, हे दर्शनला अजून नक्की कळलेलं नाही.

बापसाला त्याने खरं सांगितलं. त्यानंतर बापसाचं आल्यागेल्याला झाडांचं सांगणं बंद झालं.

दर्शन आता बर्फाची गाडी चालवतो, जेटीवर. पगार कमी आहे, पहाटे जावं लागतं. मृणाली एका अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. चाललंय.

आलेली केलडी मात्र वाडीवरून गेली नाहीत. त्यांना तिथलं पाणी सापडलं, घरं सापडली. आता ती तिथलीच. रजेच्या दिवशी दर्शन जातो, कौलांवर जाळी ताणतो, परड्याभोवती कुंपण घालतो. ताई अडवत नाही, पण पूर्वीसारखी बोलतही नाही. जेवायला वाढते आणि आत जाते.

शिमग्याला पालखी वाडीत आली तेव्हा तो छपरावर होता. खाली ढोल वाजत होते, ताई ओटीचं ताट घेऊन दारात उभी होती. पालखी अंगणात टेकली तशी तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "उतर. देव आलाय." तो घाईघाईने उतरला, हात धुतले, आणि पाया पडायला सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.