सात नंबरला कुणी पालथं केलं?

आधीच सांगते – भुतंखेतं, अंगात येणं, नजर लागणं यातलं मी काहीही मानत नाही. आठ वर्षं आयसीयूत सिस्टर म्हणून काढली आहेत. आमच्याकडे खुर्ची आपोआप सरकली तर मेंटेनन्सवाल्याला फोन जातो, देवऋष्याला नाही. असे अनुभव मी वाचते, पण मनातल्या मनात हसत वाचते. आज लिहायची पाळी माझ्यावर आली आहे, तेव्हा तुम्हीही खुशाल हसा.

ठिकाण – कराडमधलं एक खासगी हॉस्पिटल, दुसरा मजला. कोरोनाची दुसरी लाट. दहा बेडचा आयसीयू, चार व्हेंटिलेटर आणि चारही सतत चालू. आमच्या डॉक्टरांनी कुठून कुठून ओळखी काढत इटलीतल्या एका डॉक्टरांना गाठलं होतं. नाव मार्को. त्यांच्या गावाने हा आजार आमच्या वर्षभर आधी सोसला होता. रोज दुपारी दोनला – तिकडे सकाळचे साडेदहा – टॅबवर त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. ना करार, ना नातं... पण स्वतःची ड्यूटी सांभाळून हा माणूस आमच्या एकेका बेडची चौकशी करायचा. त्यांच्यामुळे घरी गेलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट म्हणजे पेशंटला जागेपणीच पालथं झोपवायचं. त्याने फुप्फुसाचा पाठीकडचा भाग मोकळा होतो, ऑक्सिजन वाढतो. पण छातीखाली एक, कमरेखाली एक अशी उशी हवी, मधे पोट मोकळं. आमच्या मऊ उश्या दहा मिनिटांत चपट्या व्हायच्या. शेवटी मी पलूसला अब्बांना फोन केला. आम्ही पिंजारी, गाद्या-उश्यांचा घरचाच धंदा. अब्बांनी कापूस ठासून, वरून रेक्झिन घालून वीस उश्या शिवून पाठवल्या. मार्कोसरांनी त्या टॅबवर बघितल्या, मापं लिहून घेतली आणि तिकडे इटलीत तशाच करवून घेतल्या. अब्बा पुढे महिनाभर हवेत होते!

सात नंबरला बिरूआण्णा होते. माण तालुक्यातले मेंढपाळ, वय साठीच्या पुढे. कराडकडे शेतात खतासाठी मेंढरं बसवायला आले आणि रानातच ताप भरला. मुलगा मुंबईला. ऑक्सिजन पूर्ण क्षमतेने चालू असूनही सॅच्युरेशन ब्याऐंशी. व्हेंटिलेटर एकही रिकामा नाही. म्हणजे पालथे झाले तर आशा होती, नाहीतर... पुढचं आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि म्हातारा ऐकेना!

"आण्णा, फक्त अर्धा तास. माझ्यासाठी."

"आवं बाई, उताणं पडून दम पुरंना, आन छातीवर पडू व्हय? त्यापरीस सरळ मारा की मला."

"मी तुमच्या पोरीसारखी आहे, माझं ऐका."

"मग पोरगी बापाला आसं दाबून मारती व्हय?"

जबरदस्ती केली की ते नाकातली नळी ओढायचे, आकडा आणखी घसरायचा. त्या दिवशी कॉलवर मार्कोसरांनी सात नंबरचे आकडे दोनदा विचारून घेतले. मग म्हणाले, "प्लीज... त्यांना पुन्हा विचारा."

साडेतीनच्या सुमारास नऊ नंबरचं बीपी कोसळलं. ड्यूटीवर आम्ही दोघीच सिस्टर, दोघी तिकडे धावलो. दहा-बारा मिनिटं गेली असतील. वळून बघते तर बिरूआण्णा पालथे! छातीखाली उशी, कमरेखाली उशी, पोट मोकळं, मान एका अंगाला, एक हात वर आणि एक खाली... नळीला कुठे पीळसुद्धा नाही. हे नीट जमायला मला तीन दिवस लागले होते. उश्या तर समोरच्या कपाटावर रचलेल्या होत्या. आणि जो माणूस पाण्याच्या घोटासाठी मान उचलू शकत नव्हता, तो...

मॉनिटरवर पंचाऐंशी. मग अठ्ठ्याऐंशी. मग ब्याण्णव.

"आण्णा, कुणी केलं हे?"

"त्यो म्हातारा. आत्ताच ग्येला न्हवं का भाईर."

दाराशी सिक्युरिटी बसलेला होता. आत कुणी आलं नव्हतं, बाहेर कुणी गेलं नव्हतं.

"कसला म्हातारा?"

"मेंढक्याच व्हता. बोलनं कळंना त्येचं, पन हात वळखू येत्यात की. डोक्याला लोकरीची टोपी. आन लय नवल म्हंजी, तुमानीवर फुडनं मेंढीचं कातडं बांदलेलं, लोकरीसकट! ह्या उन्हाळ्यात!" ते थांबत थांबत बोलत होते, पण बोलत होते. "त्यानं हातानं करून दावलं. मेंढी उताणी पडली की उठत न्हाई, पोरी. पोट फुगतं, दम कोंडतो, मरती. मेंढक्यानंच पलटवायची आसती तिला. जल्मभर मी ह्येच केलं, आन माज्याच ध्यानात आलं न्हाई बग."

आमच्या पुस्तकात याला नाव आहे – डिलिरियम. ऑक्सिजन कमी पडला की असे भास होतात. मी तसंच धरून चालले. उश्यांचा विचार केला नाही, करायला वेळही नव्हता.

दुसऱ्या दिवशी आण्णांचा आकडा त्र्याण्णवला टिकला होता. कॉलवर मी थट्टेनेच म्हटलं, "सर, तुमचं काम एका मेंढपाळाने केलं बरं का!" आणि टोपीपासून लोकरीच्या कातड्यापर्यंत सगळं सांगितलं.

मार्कोसर हसले नाहीत. त्यांनी फोनमध्ये काहीतरी शोधलं आणि तो कॅमेऱ्यासमोर धरला. डोंगरावर उभा एक म्हातारा, लोकरीची टोपी, पँटवर पुढून बांधलेलं मेंढीचं केसाळ कातडं.

"माझे वडील," ते म्हणाले. "पहिल्या लाटेत माझ्याच वॉर्डात होते. चार दिवस मी त्यांना उताणं ठेवलं. जागेपणी पालथं घालायचं आम्हाला तेव्हा सुचलं नव्हतं. पाचव्या दिवशी गेले."

हे त्यांनी आमच्यापैकी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. मी टॅब उचलून सात नंबरला नेला.

"ह्योच की!" आण्णा म्हणाले. "ह्योला कुटं गाटलंसा तुमी?"

मार्कोसर स्क्रीनजवळ सरकले. "त्यांना विचारा, सिस्टर... माझ्या वडिलांना धाप लागत होती का?"

मी मराठीत विचारलं. आण्णांनी जरा आठवून बघितलं.

"न्हाई गं. चढ चढून आल्यावानी आला गडी, पन धाप न्हवती. शीळ घालीत ग्येला."

मी ते इंग्रजीत सांगितलं. मार्कोसरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग कितीतरी वेळ ते फक्त "थँक यू" म्हणत राहिले. आभार खरं तर आम्ही मानायचे होते.

सतरा दिवसांनी बिरूआण्णा स्वतःच्या पायांनी जिना उतरले. भास म्हणावा तर उश्या कुणी लावल्या? आणि माणच्या माणसाला इटलीतलं कातडं दिसलं कसं? आमच्या डॉक्टरांना विचारलं, दुसऱ्या सिस्टरला विचारलं, स्वतःला तर रोज विचारते. मार्कोसरांकडून त्यांच्या वडिलांचं नाव मात्र मागून घेतलं आणि रोजच्या दुआत ते घेते.

एकदा अम्मीने ते ऐकलं. म्हणाली, "वो अपने कौन लगते?"

मी म्हटलं, "बिरूआण्णा तरी त्यांचे कोण लागत होते?"