काठीभर अंतर

"वाळू सुटली! वाळू सुटली गं!" मी वरडले, पन माझाच आवाज मला ऐकू येईना. धाकटी काखंत, हातात करवंटी, आन शेजारच्या झऱ्यात आक्का न्हाई… नुसती वली वाळू, आन तिच्या हिरव्या लुगड्याचा पदर वीतभर वर. पोरीला तशीच खाली टाकली आन दोन्ही हातांनी उकराय लागले. बाया पळत आल्या, मेंढरांना पानी पाजाय आल्याला वस्तीवरला म्हातारा नाना आला. जेवढी वाळू काढावी तेवढी परत आत येत हुती. माझी नखं फुटली. आक्काला वर काढली तवा तिच्या तोंडात वाळू हुती, आन ती थंडगार…

त्याला आता दीड म्हयना झाला. आक्का म्हंजी माझी थोरली जाऊ, सगुनाक्का. मी तिसरीपतुर शिकल्याली, मला नीट मांडून लिवता येत न्हाई, जसं तोंडात येतंय तसं लिवती. सांगलीला किस्ना भरून वाहती म्हनं, बाया घाटावर बसून दोन-दोन डाव लुगडी पिळत्यात. मला त्यांचाबी हेवा वाटतो. आमची वस्ती मानगंगंच्या काठाला, आन उन्हाळ्यात आमची नदी म्हंजी नुसती वाळू. त्या वाळूत खड्डा उकरायचा, त्यालाच आमी झरा म्हनतो. तळाला पानी पाझरतं, त्ये करवंटीनं घागरीत भरायचं. एक घागर भरूस्तवर कंबर मोडती.

माझ्या सासऱ्याची मेंढरं राखायची काठी हुती, डोक्याएवढी उंच. सासू ती दोन झऱ्यांच्या मधी आडवी टाकायची. काठीभर अंतर सोडल्याबिगर कुनी उकरायचं न्हाई, न्हाईतर वाळू ढासळती आन एकाचं पानी दुसऱ्याकडं वढतं. सासू गेली तवा काठी आक्काच्या हातात आली. मला का न्हाई दिली? त्ये तवापासनं सलत हुतं. तिचा मालक घरी, माझा पलटनीत, लढाईवर. तिला एकच लेक, चिंगी. तिची घागर भरली की ती खुशाल दारात बसून लेकीची येनी घालायची. माझी पाच. माझ्या डोक्याला तेल लागून किती दिस झालं हुतं कुनाला ठावं.

सासूला अकरा झाली, त्यातली तीन जगली. माझ्या येळंला देवी टोचनारा गावोगाव फिराय लागला, माझी पाचीबी जगली. देवाचं उपकारच. पन पाचीबी पानी मागत्यात की वो! मी नांदाय आले तवा वस्तीवर सा चुली हुत्या, आता सतरा. काठची करंजं त्या चुलीत गेली. गवताचं कुरन नांगरून बाजरी पेरली, मेंढरांनी उरल्यालं झुडूप खाल्लं. आदी हातभर उकरलं की पानी लागायचं, आता पुरुसभर उकरावं लागतं, बाई आत उतरली की दिसत न्हाई. माझ्या चौथ्या बाळंतपनात आक्का शेक द्यायला बसली हुती, तवा हसत म्हनाली, "काय गं, वस्ती एकटीच भरनार का? आमाला जागा ठिव की जराशी!" समद्या हसल्या. मीबी हसले, पन आतनं जळले. हिला काय, एक लेक घिऊन मोकळी. तिची दोन पोटातच गेली हुती, त्ये मला ठावं हुतं. तरीबी जळले.

त्या दिवशी सक्काळी मी तिच्या झऱ्याला लागून उकराय लागले.

"काठी टाक आदी," आक्का म्हनाली.

"काठी टाकली तर मला जागा कुठं ऱ्हाती, आक्का? पलीकडं खडक लागतोय."

"मग माझं हुऊ दे, मागनं माझ्यातच भर. पाझरंल तवर बस."

"तुमचं उरल्यालं आमी का भरावं? पोरगी रातधरनं कोरडी हाय. तुमची एकुलती एक, तुमाला काय कळतंय!"

आक्का चिडंल म्हनलं तर चिडलीबी न्हाई. "व्हय बाई, एकच," एवढंच म्हनाली, काठी कडंला ठिवली आन आत उतरली. मी उकरतच ऱ्हायले. दोघींच्या मधी हातभर वाळू उरली आसंल. थोड्या येळानं माझ्याकडं पानी भराभर याय लागलं. तिच्याकडनंच वढत हुतं, मला कळलं… आन मला लय बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. मी पयली करवंटी भरून वर आले, पोरीच्या तोंडाला लावली, आन मधली वाळू आक्काच्या अंगावर बसली.

आक्काला न्हेली तवा सतराच्या सतरा घरं रडली. त्या रडन्यातबी माझ्या मनात आलं, मी गेले तर एवढी रडतील का? नाना म्हनला, "तू न्हाई गं मारलीस. हितं चुली झाल्या सतरा, आन नदी हाय तेवढीच." पन त्ये सांगताना त्यो माझ्याकडं बघत नव्हता.

दहाव्यानंतर चिंगी काठी घिऊन आली. "काकी, ही आता तुमी ठिवा." ज्या काठीसाठी मी जळले ती आशी मिळाली. ती दाराआड उबी हाय. धरायच्या जागी आक्काच्या हातानं गुळगुळीत झाल्याली हाय, माझा हात तितं बसत न्हाई, खाली-वर सरकतो.

परवा मी ती घिऊन नदीत गेले. खालच्या घरातली नवी सून, पोर पाठीला बांधून, माझ्या झऱ्याला लागूनच उकरत हुती. म्या काठी आडवी टाकली. "लांब हो, पोरी. काठीभर."

तिनं वर बघितलं, खाली बघितलं. झऱ्याला झरा लागल्याला. "लांब म्हंजी कुठं, काकी?" पाठीवरचं पोर रडत हुतं, ओठ फुटल्यालं. माझ्या घरात पाच वाट बघत बसल्याली. मी खाली वाकले, काठी हातात धरली, आन ती उचलावी का तितंच ठिवावी… तुमी माझ्या जाग्याला आसता तर काय केलं आसतं?