पुलाखालचा निळा ड्रम

निळा ड्रम एक, दोनशे लिटरचा. वर झाकण, खाली तोटी. पुलाखाली ताडपत्रीची पालं एकोणीस, माणसं ऐंशीच्या आसपास, त्यांत जुलाब लागलेली मुलं चार. ड्रममधलं पाणी काठापासून दोन सेंटिमीटर खाली; परवा भरलं तेव्हाही तेवढंच. दुपारच्या उकाड्यात खांबाला टेकून बसलेली ऋजुता, हा ड्रम बसवणारी कॉलेजातली मुलगी, हे सगळं मनात पुन्हा मोजू लागते आणि पालांपाशी येता येता आकडे विरघळतात.

"मोजून झालं का गं?"

समोर धुरपतामाय. ती मागच्या आठवड्यात जुलाबानेच गेली, हा ड्रम यायच्या आधी. ऋजुताला ते पक्कं ठाऊक आहे. पण माय कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर मांडी घालून बसली आहे, आणि ऋजुताला काळजी वाटते ती फक्त माय पडेल याची.

"माय, कुणीच पीत नाही. सगळे त्या फुटक्या पाइपाचंच आणतात."

"वास मारतंय तुझं पाणी. दवाखान्यावानी."

"तो क्लोरीनचा वास, माय. त्या औषधानेच जंतू मरतात."

"लोक म्हणतात, आपल्याला इथून उठवायला घातलंय."

"तुम्हालाही तसंच वाटतं?"

"मला काय वाटायचंय आता?" माय हसते. तीनच दात. "तहान लागली बघ. पाणी दे."

ऋजुता पिशवीतून आपली स्टीलची बाटली काढते. प्रयोगशाळेच्या फळ्यांवर वस्तीतल्या घागरी मांडल्या आहेत, आणि फळ्यांखाली वस्तीतली माणसं बसून त्या बाटलीकडे पाहत आहेत.

"घरचं आणलंस व्हय? रोजच आणतेस. ड्रमापाशी उभी राहून आम्हाला शिकवतेस, घसा सुकला की ह्यातलं पितेस."

"सवय आहे हो, माय."

"पोरांनाबी सवयच हाय. पाइपाची."

ऋजुता बाटली बेसिनमध्ये ओतून टाकते. बेसिनचा नळ ड्रमच्या तोटीसारखा दिसतो; तीच तोटी आहे. माय आपला चेपलेला पेला पुढे करते.

"आधी तू. पालावर पाणी आणणाऱ्यानं आधी तोंडाला लावायचं, मग दुसऱ्यानं. नातीला पाजशील?"

"पाजेन."

"पुटपुटू नको."

"आजच पाजेन, माय!"

पुलावरून ट्रक जातो, खांब हादरतो. ऋजुता डोळे उघडते. मायचा चेपलेला पेला तिच्या मांडीवर आहे, आतून ओला. माय गेल्यापासून तो मायच्या पालाच्या खुंटीला टांगलेला असतो; त्याला कुणी हात लावत नाही.

ती उठते. मायची सून इंदू पालाच्या दारात, आजारी मैनाला मांडीवर घेऊन बसली आहे. ऋजुता पेला तोटीखाली धरते, सगळ्यांदेखत घटाघटा पिते आणि पुन्हा भरते.

"माझ्या सासूचा पेला तो," इंदू म्हणते.

"हो. वास येतो पाण्याला. मलाही आला." ऋजुता पेला पुढे धरते. "संध्याकाळपर्यंत इथेच बसते, वहिनी. हेच पीत राहीन. मला काही झालं, तर ड्रम माझ्यासमोर उपडा करा."

"आणि तुझी बाटली?"

ऋजुता बाटलीचं बूच काढते आणि सगळं पाणी खांबाच्या बुडाशी ओतते.

इंदू पेला घेते. स्वतः एक घोट पिते, तोंड वाकडं करते आणि पेला मैनाच्या ओठांना लावते.

ऊन कलल्यावर ऋजुता झाकण उघडून मोजपट्टी आत सोडते. काठापासून पाणी अकरा सेंटिमीटर खाली.